पोट उतरवायचंय की दम वाढवायचाय?

पुणे,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. भाच्यास,


तुझा निरोप आणि त्यासोबत पाठवलेलं त्या क्लिनिकचं पत्रक, दोन्ही वाचलं. फोनवर उत्तर दिलं असतं तर निम्म्यात ‘मामा, गिऱ्हाईक आलंय, नंतर बोलतो’ म्हणून तू फोन ठेवला असतास. म्हणून पत्र लिहितोय. दुकान बंद झाल्यावर निवांत वाच, आणि सूनबाईलाही वाचायला दे.

पत्रकात लिहिलंय की ऑपरेशन नाही, सुई नाही, चरबी गोठवणाऱ्या यंत्राने सहा सिटिंगमध्ये पोटाचा घेर उतरेल. खाली बारीक अक्षरात आणखी एक वाक्य आहे: ‘फुफ्फुसांवरचा दाब कमी होऊन श्वास मोकळा होईल.’ तू त्या बारीक अक्षरांवर भुललास, हे मला दिसतंय. वय बेचाळीस, उंची साडेपाच फूट, वजन चौऱ्याण्णव किलो. गोदामाचा जिना चढलास की बोलता येत नाही, बुटाची लेस बांधायला वाकलास की श्वास कोंडतो. अशा माणसाला कुणी महिन्याभरात दम परत देतो म्हटलं तर तो पैसे काढणारच.

माझं उत्तर आधी सांगतो आणि कारणं मग. आगाऊ रक्कम भरू नकोस. ते यंत्र जी चरबी काढतं ती तुझा श्वास अडवणारी चरबी नाही. आणि तुझा श्वास पोटानेच अडतोय, हेही अजून कुणी तपासलेलं नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण छातीच्या ओपीडीत आयुष्य गेलेल्या माणसाला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला पुरुष ‘दम लागतो’ म्हणाला की पहिला विचार हृदयाचा करायचा. प्रत्येकाच्या छातीत कळ येतेच असं नाही. मधुमेह असलेल्यांत तर हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची एकमेव खूण कधी कधी चढावर लागणारा दम हीच असते. त्यामुळे आधी रक्तदाब, ईसीजी, डॉक्टर म्हणाले तर टू-डी इको. रक्तात उपाशीपोटीची साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. यातलं काहीच अवघड नाही. जालन्यात जिल्हा रुग्णालय आहे, २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालंय. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जायचं तरी साठेक किलोमीटरचा रस्ता. क्लिनिकच्या सिटिंगसाठी तू सहा वेळा तेवढंच अंतर तोडणार होतास.

आणि हे नीट लक्षात ठेव. दम लागताना छातीत दडपण आलं, डावा हात किंवा जबडा दुखला, दरदरून घाम फुटला, पायांवर सूज दिसली किंवा रात्री झोपेतून गुदमरून उठावं लागलं, तर पोटाचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ‘सोयाबीनची आवक संपू दे, मग बघू’ हे चालणार नाही.

दुसरी शंका मोंढ्याची. तुझं आडत दुकान म्हणजे सोयाबीन, मका, तूर यांचा उफणलेला धुरळा. वीस वर्षं तू तो नाकातोंडाने घेतोयस. धान्याच्या धुळीने श्वासनळ्या आकसतात, काहींना दमा जडतो. लठ्ठपणाचा दम आणि दम्याचा दम बाहेरून सारखाच दिसतो, उपचार मात्र वेगळे. तो फरक सांगते फुंकण्याची चाचणी, जिला आपण सगळे पीएफटी म्हणतो. नळीत पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंकायचं, यंत्र मुख्य असे दोन आकडे देतं. एकूण किती हवा बाहेर आली तो एफव्हीसी, आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती आली तो एफईव्ही-वन. दुसऱ्याचं पहिल्याशी प्रमाण घसरलेलं असेल तर नळ्या अरुंद, म्हणजे दमा किंवा सीओपीडी हा नळ्यांचा जुनाट आजार. प्रमाण शाबूत असून दोन्ही आकडे एकदमच उतरलेले असतील तर फुफ्फुसं पुरती फुगत नाहीत, आणि त्यामागे पोट असू शकतं. छातीच्या डॉक्टरांकडून ही चाचणी करून घे. तिच्याशिवाय ‘पोटामुळेच होतंय’ हा तूच तुझ्यावर केलेला निकाल आहे. क्लिनिकने तो लगेच मान्य केला, कारण त्यांना तेवढंच विकायचंय.

समज, हृदय ठीक निघालं, नळ्याही मोकळ्या निघाल्या. मग पोट श्वास कसा अडवतं ते सांगतो.

छाती आणि पोट यांच्या मध्ये स्नायूचा एक घुमटासारखा पडदा आहे, त्याला श्वासपटल म्हणतात. श्वास घेताना तो खाली सरकतो, तेव्हा फुफ्फुसांना फुगायला जागा मिळते. खाली जागा हवी असते ती पोटात. आतडी, यकृत आणि त्यांच्या भोवतीची चरबी यांनी पोट गच्च भरलेलं असेल तर पडदा खाली सरकत नाही, उलट वरच ढकललेला राहतो. प्रत्येक श्वासाला त्या वजनाशी झगडावं लागतं. झगडा वाढला की श्वास उथळ होतो आणि संख्येने वाढतो. जिन्यावर तुला जे होतं ते हेच. लेस बांधायला वाकतोस तेव्हा मांड्या पोटाला वर दाबतात आणि उरलीसुरली जागाही जाते.

यात पहिल्यांदा मार खातो तो एक हिस्सा, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आपण साधा श्वास सोडल्यावरही फुफ्फुसांत बरीच हवा शिल्लक असते. जोर लावला तर त्यातली लिटरभर आणखी बाहेर काढता येते. ही राखीव हवा. २००६ साली जोन्स आणि न्झेक्वू या दोन संशोधकांनी ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात वेगवेगळ्या वजनांच्या माणसांची मोजमापं मांडली. बीएमआय २० असलेल्या सडपातळ माणसाच्या तुलनेत बीएमआय ३० असलेल्याची राखीव हवा ४७ टक्क्यांवर आलेली होती, आणि साधा श्वास सोडल्यावर फुफ्फुसांत उरणारी एकूण हवा ७५ टक्क्यांवर. तुझा बीएमआय ३३ च्या पुढे आहे. गंमत अशी, की एफव्हीसीचा आकडा बराच काळ नॉर्मलच्या चौकटीत राहतो. म्हणून पीएफटीचा कागद ‘नॉर्मल’ आला तरी डॉक्टरांना राखीव हवेचा आकडा विचार. कागदावर तो ईआरव्ही नावाने असतो, आणि तो हवा असेल तर चाचणीच्या वेळी सावकाश श्वास सोडण्याचा भागही करून घ्यावा लागतो.

राखीव हवा कमी झाली की फुफ्फुसांच्या तळाशी असलेल्या बारीक नळ्या साध्या श्वासातही मिटू लागतात. रक्त मात्र तळाकडेच जास्त जातं. म्हणजे रक्त आहे आणि हवा नाही, अशी तिथली गत. आडवं झाल्यावर पोटाचा सगळा भार छातीकडे सरकतो, म्हणून रात्र आणखी जड जाते.

आता रात्रीचा विषय निघालाच आहे तर सूनबाईला एक विचार. घोरता घोरता तुझा श्वास काही क्षण थांबतो का, आणि मग एकदम हिसका बसून सुरू होतो का? मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया यांनी ३५ ते ६५ वयाच्या मुंबईकर पुरुषांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. त्यात झोपेत श्वास अडखळण्याचं प्रमाण १९.५ टक्के निघालं, आणि त्यासोबत दिवसाही झोप अनावर होण्याचा त्रास ७.५ टक्क्यांना होता. तू दुपारी गादीवर डुलक्या घेतोस हे तुझ्या आईने मला सांगितलंय. गादीवरची डुलकी चालेल, संभाजीनगरहून रात्री गाडी चालवत येताना लागलेली चालणार नाही. श्वास थांबत असेल तर झोपेची चाचणी करून घे. त्यावर सीपॅप नावाचं यंत्र आहे. यंत्रावर पैसे घालायचेच असतील तर ते कामाचं.

आता तुझ्या पत्रकाकडे येतो. पोटावर चरबी दोन ठिकाणी असते. एक कातडीखाली, चिमटीत पकडता येते ती. दुसरी आत, आतड्यांच्या भोवती आणि पडद्याच्या खाली, जी चिमटीत येत नाही. पुरुषांच्या पोटात ही दुसरी जास्त साठते. म्हणूनच बऱ्याच पुरुषांचं पोट नगाऱ्यासारखं घट्ट असतं, लोंबत नाही. तुझ्याच धंद्यातलं सांगतो. पोती ओट्यावरही रचलेली आहेत आणि गोदामात दाराला लागूनही. दार उघडत नाही ते आतल्या पोत्यांमुळे. ओट्यावरची चार पोती उचलून नेली तर दुकान बाहेरून नीटनेटकं दिसेल, दार तसंच अडलेलं राहील. क्लिनिकचं यंत्र ओट्यावर काम करतं.

यंत्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. त्याची कथा तर मोठी रंजक आहे. १९७० च्या सुमाराला अमेरिकेत डॉक्टरांच्या लक्षात आलं की बर्फाची कांडी चोखणाऱ्या लहान मुलांच्या गालातली चरबी थंडीने सुजून विरते, कातडीला मात्र काही होत नाही. चरबीच्या पेशींना थंडी कातडीपेक्षा कमी सोसते. त्यावरून बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या मॅनस्टाइन आणि अँडरसन या डॉक्टरांनी चरबी गोठवण्याची पद्धत काढली. २००८ मध्ये त्यांचं काम छापून आलं, २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने कमरेच्या बाजूच्या वळ्यांसाठी परवानगी दिली, पुढे पोटासाठीही. गोठलेल्या पेशी मरतात आणि दोन-तीन महिन्यांत शरीर त्या हळूहळू साफ करतं. जिथे यंत्र लावलं तिथला चरबीचा थर साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पातळ होतो. अल्ट्रासाऊंड कॅव्हिटेशन, रेडिओफ्रिक्वेन्सी, लेझर हे त्याचेच चुलतभाऊ. मार्ग वेगळे, पण सगळे कातडीखालच्याच थरावर.

आता हिशेब कर. २०१४ च्या एका मोजणीत कमरेच्या एका बाजूला यंत्र लावल्यावर सरासरी ४० मिलिलीटरच्या आसपास चरबी कमी झालेली दिसली. तुला उतरवायचंय सहा-सात किलो वजन, आणि त्यात आतली चरबी हवी. ही यंत्रं बनवणारे स्वतःच सांगतात की हा वजन कमी करण्याचा उपाय नाही. वजन आटोक्यात असूनही एखादी वळी जात नाही अशा माणसासाठी तो आहे. बीएमआय ३३ चा माणूस त्यांच्या हिशेबात बसतच नाही. तुझ्या पत्रकात हे कुठे लिहिलंय?

‘पण चरबी ती चरबी, कुठूनही गेली तरी बरंच ना?’ असं तू विचारशील. त्याचंही उत्तर २००४ मध्ये मिळालंय. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सॅम्युअल क्लाइन आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या कातडीखालून शस्त्रक्रियेने सुमारे दहा किलो चरबी ओढून काढली. दहा ते बारा आठवड्यांनी तपासलं तर रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी, इन्सुलिनचा प्रतिसाद यांत सुधारणा नव्हती. दहा किलो काढूनही आतला कारभार जागच्या जागी. मग मिलिलीटरमध्ये मोजायच्या चरबीकडून किती अपेक्षा ठेवायची? कातडीखालच्या चरबीचाही छातीवर थोडा भार असतो, विशेषतः झोपल्यावर, हे खरं. पण त्या थोड्यातला थोडा यंत्राने काढला म्हणून गोदामाचा जिना सोपा होत नाही.

क्लिनिकवाले एखादा अभ्यास दाखवतील. लठ्ठ पुरुषांना यंत्र लावलं आणि फुफ्फुसांचे आकडे सुधारले, असं त्यात असेल. तेव्हा शांतपणे तीन प्रश्न विचार. त्या पुरुषांना यंत्राबरोबर आहारही ठरवून दिला होता का? यंत्र न लावता फक्त तोच आहार पाळलेला दुसरा गट होता का? आणि त्या दोन गटांच्या पीएफटीत फरक किती पडला? यंत्र आणि आहार एकत्र दिले आणि दम सुधारला, तर श्रेय कुणाचं हे त्यातून कळत नाही. ज्याचे पैसे पडतात ते यंत्र, आणि फुकटात होतो तो आहार, एवढंच कळतं.

आणखी दोन गोष्टी, ज्या पत्रकात नाहीत. तुझी बेंबी गेल्या वर्षापासून फुगलेली दिसते. तो हर्निया असेल तर त्यावर ओढून धरणारं, गोठवणारं यंत्र लावायचं नसतं. आधी सर्जनला दाखव. दुसरं, क्वचित चरबी गोठवल्यावर ती विरण्याऐवजी त्याच जागी वाढून घट्ट होते, आणि पुरुषांत हे जास्त आढळलंय. लिंडा इव्हँजेलिस्टा या नामांकित मॉडेलने आपल्या बाबतीत हेच झाल्याचं २०२१ मध्ये जाहीर सांगितलं होतं.

तू म्हणालास, ‘मामा, माझे हातपाय तर काडीसारखे, मी कुठला लठ्ठ?’ आपल्या लोकांचं हेच तर आहे. इथे पुण्यात केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबीचा, असा आपला बांधा. म्हणून आपल्याकडे पुरुषाच्या कमरेची मर्यादा ९० सेंटीमीटर धरतात. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत ३९.५ टक्के प्रौढांचं पोट मर्यादेबाहेर निघालं. तेव्हा तू एकटा नाहीस.

आता चांगली बातमी. आत साठलेली, श्वास अडवणारी हीच चरबी खाणं आवरल्यावर आणि चालणं वाढवल्यावर लवकर हलते. वजनाचा काटा जागचा हलला नाही तरी नियमित व्यायामाने ती उतरल्याचं दिसलेलं आहे. आणि ती उतरली की श्वास सुधारतो, याला पुरावा आहे. फिनलंडमध्ये दमा असलेल्या ३८ लठ्ठ माणसांवर झालेला प्रयोग २००० साली ‘बीएमजे’त आला. निम्म्यांना कडक आहार दिला, त्यांचं वजन सरासरी साडेचौदा टक्के उतरलं. दुसऱ्या निम्म्यांच्या तुलनेत त्यांचा एफईव्ही-वन ७.२ टक्क्यांनी आणि एफव्हीसी ८.६ टक्क्यांनी जास्त सुधारला. कडक आहार त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता, तो तू घरी करू नकोस. तुला सहा महिन्यांत सात किलो पुरे.

खाण्याचं सांगतो. पथ्याचं पुस्तक पाठवत नाही, तुझ्या दिवसातल्याच चार गोष्टी बदलायच्या.

पहिला चहा. मोंढ्यात प्रत्येक शेतकऱ्याबरोबर, प्रत्येक व्यापाऱ्याबरोबर अर्धा कप. दिवसाला आठ झाले आणि प्रत्येकात दीड चमचा साखर, तर बारा चमचे, म्हणजे साठ ग्रॅम साखर आणि २४० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरातली वरची साखर ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. तुझी मर्यादा नुसत्या चहातच ओलांडली. चहा दोन वेळा घे, बाकी वेळी पाहुण्याला दे आणि स्वतः ताक घे. मान राखला जातो, धंदा बुडत नाही.

दुसरी मोसंबी. जालन्याची मोसंबी सोलून खा, रस काढून पिऊ नकोस. ग्लासभर रसाला चार फळं लागतात, चार फळं सोलून एका बैठकीत तू खाणार नाहीस.

तिसरं रात्रीचं जेवण. दुकान बंद करून, हिशेब आटोपून दहाला ताटावर बसतोस आणि अकराला आडवा होतोस. भरलेलं पोट आणि आडवं अंग, श्वासाला याहून वाईट काही नाही. सात-साडेसातला घरून डबा मागव, दोन ज्वारीच्या भाकरी, पालेभाजी, वरण, दुकानातच जेव. घरी आल्यावर काही नाही.

चौथं उपवास आणि पंगती. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, तळलेले पापड आणि वर बर्फी हा उपवास आतल्या चरबीचा पोळा आहे. उपवास करायचाच तर ताक, फळ आणि भगर. लग्नसराईत आहेर कर, पंगतीला बस, पण जिलेबीचा आग्रह एकदाच मान.

दीक्षितांचं ऐकू की दिवेकरांचं, असं तू मागेही विचारलं होतंस. डॉ. जगन्नाथ दीक्षित दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांत जेवा म्हणतात, ऋजुता दिवेकर थोडं थोडं पण अनेकदा म्हणतात. महाराष्ट्रात यावर घराघरांत वाद झाले. दिवसभराचं एकूण खाणं ज्या रीतीने घटेल आणि जी रीत तू दोन वर्षं पाळू शकशील, ती तुझी. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर मात्र जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदल. वजनाची नवी इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडे आलीत. ती औषधं आहेत, डॉक्टर लिहून देतील तेव्हाच, मित्राने सुचवली म्हणून नाही.

आता चालणं. ईसीजी ठीक आला की पहाटे मोती तलावाकडे जा. पहिले दोन आठवडे वीस मिनिटं, सपाटीवर, इतक्या वेगाने की बोलता येईल पण गाता येणार नाही. मग आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत पाऊण तासावर ये. समर्थ रामदासांच्या जांबच्या जिल्ह्यातला माणूस म्हणून तू थेट सूर्यनमस्काराला हात घालशील. आत्ता नको. पुढे वाकण्याच्या आसनांत तुझं पोट श्वास आणखी कोंडेल, चार-पाच किलो उतरल्यावर सुरू कर. अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी जातात ना, ते पंचवीसेक किलोमीटर. यंदा गाडीने जा, पायऱ्या मात्र सावकाश चढ. पुढची अंगारकी पायी करायचं ठरव.

प्राणायामाबद्दल. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते अशा क्रियांना प्रयोगशाळेत तपासण्यासाठी. दीर्घ श्वसनाने फुफ्फुसांचा मिटलेला तळ उघडतो, श्वासाचे स्नायू बळकट होतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं ताठ बसून जरूर कर. पण त्याने चरबी जळत नाही. कपालभाती रक्तदाब आणि बेंबीचा निकाल लागेपर्यंत थांबव. पोटाचे सिट-अप्ससारखे व्यायाम करून पोटाचीच चरबी उतरत नाही, हेही जाता जाता.

तीन बारीक बदल आजपासूनच होतील. गादीवर मांडी घालून, खतावणीवर वाकून बसणं सोड. खुर्ची-टेबल घे, पाठ टेकून बस, श्वासपटलाला खाली जागा मिळेल. रात्री कुशीवर आणि उशाकडची बाजू थोडी उंच करून झोप. आणि तो घाम आणणारा पट्टा, जो तू शर्टाखाली बांधतोस, तो काढून टाक. त्याने पाणी जातं आणि पोट आणखी वर ढकललं जातं. वजन काट्यावर संध्याकाळपर्यंत परत येतं.

मोजायचं कसं, तेही सांगतो, कारण क्लिनिकमध्ये टेप कुठे धरतात यावर इंच ठरतात. पँटच्या मापावर जाऊ नकोस, तुझी पँट पोटाच्या खाली बसते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध टेप धर, साधा श्वास सोडून झाल्यावर वाच, पोट आत ओढायचं नाही. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, वहीत लिही. त्याच पानावर गोदामाचा जिना न थांबता चढता आला का आणि वर पोचल्यावर पूर्ण वाक्य बोलता आलं का, तेही लिही. तीन महिन्यांनी पीएफटी पुन्हा. वजन, कंबर, जिना आणि ईआरव्ही, या चार आकड्यांवर तुझा दम वाढतोय की नाही ते ठरेल.

तू पोट उतरवण्याचं आणि दम वाढवण्याचं एकाच पैशात घ्यायला निघालास, तिथे घोळ आहे. दम हवा असेल तर वर लिहिलेलं कर, त्याने पोटही उतरेल. सात किलो उतरून, दम परत येऊनही कमरेला एखादी वळी राहिली आणि आरशात ती खुपली, तर खुशाल ते यंत्र लावून घे. तेव्हा तू त्यासाठी योग्य माणूस असशील. मात्र तिथे नोंदणी असलेला डॉक्टर हजर आहे का ते विचार, आणि तेव्हाही श्वासाचं नाव काढू नकोस. ते पैसे आरशासाठी आहेत, हे माहीत असलं म्हणजे झालं.

या आठवड्यात तीनच कामं: ईसीजी आणि रक्ततपासणी, पीएफटी, आणि बेंबी सर्जनला दाखवणं. तिन्हींचे कागद मला पाठव, मी वाचून फोन करीन. तेव्हा गिऱ्हाईक आलं तरी ठेवायचा नाही.

तुझ्या आईला सांग, मोसंबीची पेटी पोचली, आम्ही सोलूनच खातोय. सूनबाईस आणि मुलांस आशीर्वाद.

तुझा,
मामा